ही आणि यापुढच्या सगळ्या वेळा

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या काचेच्या खोलीत तारीखकाका एकवीस वर्षं बसत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. पेशंटांना ते माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. दोन्ही किडन्या कामातून गेलेली माणसं आठवड्यातून तीनदा त्या मजल्यावर यायची, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेली पडून राहायची आणि जाताना काचेत डोकावून विचारायची, "काका, पुढची तारीख?" खरं तर विचारायची गरज नसे. ज्याचा मंगळवार, त्याचा मंगळवारच. पण विचारल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे, आणि काकाही न कंटाळता सांगत, "गुरुवार. सकाळी सात. चार नंबर."

आठ खुर्च्या, दिवसाला तीन पाळ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले वेगळे, मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले वेगळे. म्हणजे सगळी मिळून अठ्ठेचाळीस माणसं. एकोणपन्नासाव्याला जागा नाही. तो प्रतीक्षायादीत, आणि तोपर्यंत गावाबाहेरच्या दुसऱ्या केंद्रात दोन बस बदलून जाणार. सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी असायची, कारण अकराला सुटका झाली की थोडं पडून घेऊन उरलेला दिवस माणसासारखा घालवता येतो. चारच्या पाळीचा माणूस आठला उठतो तो पिळून काढल्यासारखा होऊनच.

पूर्वी हे सगळं एका लांबलचक रजिस्टरात असे. काका पट्टीने रेघा मारायचे, पेन्सिलने नावं लिहायचे आणि खोडरबरने पानं पातळ करून टाकायचे. मग कॅलेंडर आलं, संगणकातलं. काकांनी आधी त्याचा धसका घेतला आणि मग त्याच्यावर जीव लावला. माणसाचं नाव एकदा घालायचं, 'दर मंगळवार, गुरुवार, शनिवार' निवडायचं, 'शेवट' या चौकटीत 'कधीच नाही' ठेवायचं, की त्याच्या वेळा पार पुढच्या वर्षांपर्यंत आपोआप मांडल्या जायच्या. बदल करायला गेलं की कॅलेंडर विचारी, 'फक्त ही वेळ? की ही आणि यापुढच्या सगळ्या?' कुणाला घरच्या कार्याला जायचं असलं तर 'फक्त ही'. दुसऱ्या उत्तराची वेळ सहसा माणूस गेल्यावरच येई. तेव्हा काका ते काम एक दिवस लांबवत. नाव तसंच राहू देत. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, एकदाचं बटण दाबत आणि यादीतल्या पहिल्या माणसाला फोन लावत.

यादी म्हणजे यादी, यात काकांनी कधी डावंउजवं केलं नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला डायलिसिस लागलं, तेव्हा त्यालाही त्यांनी नवव्या क्रमांकावरच लिहिलं. तो चार महिने बसचे धक्के खात गावाबाहेर गेला. बहीण अजून फोनवर बोलते, पण कामापुरतं.

चार नंबरच्या खुर्चीवर मास्तर यायचे. भूमितीचे निवृत्त शिक्षक. मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी सात, सहा वर्षं. शर्टाची बाही दंडापर्यंत नीट चार घड्या घालून वर करायची, सुई टोचताना छताकडे बघायचं आणि नंतर शब्दकोडं सोडवत बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या बायकोला विसर पडायचा आजार होता. ती चहा ठेवून विसरे, दार उघडं टाकून चालू लागे. सकाळी एक शेजारीण तिच्याजवळ बसू शकत असे. संध्याकाळी कोणी नव्हतं. ही अडचण सांगताना मास्तरांसारखा ताठ माणूस खुर्चीत अवघडून गेला होता. तेव्हा काकांनी शब्द दिला होता, "मास्तर, ही वेळ तुमची. मी इथे असेपर्यंत कुणी हलवणार नाही."

आणि एक सिस्टर होती. हॉस्पिटलात सगळ्याच सिस्टर, पण ही त्यांना बहिणीच्या जागी होती. मजल्याची इनचार्ज, काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. ती त्यांना 'दादा' म्हणे आणि अरे-तुरे करी. सतरा वर्षं दोघांनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. एकमेकांच्या घरातली आजारपणं, रुसवेफुगवे, पोरांचे निकाल, सगळं त्या टेबलावर उघडं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंधरा दिवस कॅलेंडर बघायला तिच्याशिवाय कोण होतं? काकांनी आपला पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. परत आल्यावर तिने ती चिठ्ठी त्यांच्यासमोर फाडून टाकली. "हे घे, दादा. तुझं राज्य तुला." काका हसले. पासवर्ड बदलायला हवा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाला किल्ली दिली म्हणून कोणी कुलूप बदलतं का?

एका मंगळवारी सकाळी सव्वासात झाले तरी मास्तर आले नाहीत. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. चार नंबरच्या खुर्चीवर एक अनोळखी म्हातारी बाई, डोक्याला रुमाल बांधून, बिचकत बसलेली होती. काकांनी कॅलेंडर उघडलं. चार नंबर, सकाळी सात, मंगळवार-गुरुवार-शनिवार : कुठलंसं न ऐकलेलं नाव. शेवट : कधीच नाही. मास्तरांना शोधलं, तर ते दुपारी चारच्या पाळीत, सात नंबरवर. तिथला माणूस गेल्या आठवड्यात वारला होता. आदल्या दिवशी काकांनीच त्याचं नाव काढलं होतं आणि यादीतल्या पहिल्या माणसाला फोन करायचा राहून गेला होता, कारण त्यांना अर्धी रजा होती.

मास्तरांच्या नोंदीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : बदल केला, सोमवार. बदल करणारा म्हणून काकांचं स्वतःचं नाव.

त्यांनी चष्मा काढून पुसला. परत वाचलं. नाव त्यांचंच होतं.

सिस्टर मशीनचे आकडे बघत होती. काका तिच्यापाशी गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मास्तरांची वेळ मी बदलली का काल?"

ती वळली नाही. "बदलली असशील, दादा. तुझंच नाव असेल ना तिथे?"

"आहे. पण मला काही केल्या आठवत नाहीये. या आजींचं नाव यादीत घातल्याचंही नाही."

"काल निघायच्या घाईत होतास. होतं असं. माझ्यातरी कुठे लक्षात राहतं हल्ली?" मग तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "आणि आता ढवळत बसू नकोस. या आजींची साखर संध्याकाळी खाली जाते, त्यांना सकाळच बरी. डॉक्टरांकडे विषय काढलास तर उगाच तुझ्यावर शेकेल. मी आहे ना."

त्या 'मी आहे ना'ने काकांना धीर यायला हवा होता. पण त्यांना वडील आठवले. शेवटची काही वर्षं ते स्वतःच्या मुलाला ओळखेनासे झाले होते. त्याची सुरुवातही अशीच झाली होती, बारीकसारीक. नळ चालू राहिला, पत्र दोनदा पोस्टात पडलं.

गुरुवारी काका ड्युटी संपल्यावर घरी गेले नाहीत. चार वाजता मास्तर जिना चढून आले, बाहीच्या चार घड्या घालून बसले. काका त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"मास्तर, हे काय झालं ते मला..."

"निरोप आला होता फोनवर," मास्तर म्हणाले. "तुमच्या नावाने. उद्यापासून चार वाजता, असा. कारण लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही नाही. तुम्ही केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटेनासं झालं."

"माझ्याकडून चूक झाली असेल. मला खरंच आठवत नाही."

मास्तरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आठवत नाही," ते म्हणाले. "हे वाक्य मी घरी दिवसातून वीस वेळा ऐकतो, काका. इथे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं."

'मी केलं नाही' असं म्हणायला स्वतःवर विश्वास तर हवा. "सकाळी जागा झाली की पहिली तुम्हाला," एवढंच ते पुटपुटले आणि उठले. सकाळची जागा होणं म्हणजे काय, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून काका चिठ्ठ्या लिहू लागले. अमक्याला फोन केला, नऊ दहा. कपाट लावलं. गोळी घेतली. धुवायच्या शर्टाच्या खिशातून बायकोने अशा अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि पलंगावर त्यांच्यासमोर मांडल्या. "हे काय आहे?" तिने विचारलं. काका म्हणाले, "ऑफिसचं आहे." त्यानंतर ती गॅस बंद आहे ना ते त्यांच्यामागे जाऊन बघू लागली. ते त्यांच्या लक्षात आलं. तिला कळू नये म्हणून ते स्वयंपाकघरात जायचेच टाळू लागले.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी, व्हायचं ते झालं. मास्तरांनी संध्याकाळसाठी दुसऱ्या एका बाईंना विनवून बसवलं होतं. त्या पाच वाजता पाच मिनिटांसाठी म्हणून आपल्या घरी गेल्या. तेवढ्यात मास्तरांची बायको बाहेर पडली. कुठल्यातरी चौकात फूटपाथच्या कडेला तिचा पाय मुरगळला, ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. पत्ता सांगता येईना. नशिबाने मास्तरांनी तिच्या पर्समध्ये आपला नंबर लिहून ठेवला होता. मास्तरांचा फोन वाजला तेव्हा त्यांच्या दंडात दोन सुया होत्या आणि अंगातलं रक्त मशीनमधून फिरत होतं. उठून पळता येत नाही अशा वेळी. सुया काढेपर्यंत ते खुर्चीचा हात धरून "लवकर, जरा लवकर" एवढंच म्हणत राहिले. हे त्या संध्याकाळी ड्युटीवर असलेल्या नर्सने सोमवारी सकाळी काकांना सांगितलं. सिस्टर तिथेच उभी होती. ऐकता ऐकता ती हातमोजे काढून टाकून औषधांच्या खोलीत निघून गेली.

काका तडक तळमजल्यावर संगणक विभागात गेले. तिथे एक तंत्रज्ञ बाई होत्या, काटेकोर आणि कमी बोलणाऱ्या. काका त्यांना म्हणाले, "बाई, मला एकदा खात्री करून द्या की हे मीच केलंय. म्हणजे मी राजीनामा देऊन मोकळा होतो. माझं डोकं चालत नसेल तर मी इथे बसणं धोक्याचं आहे."

बाईंनी दोन ठिकाणी क्लिक केलं. "प्रत्येक बदलाची वेळ आत नोंदलेली असते. तुम्हाला वरची फक्त तारीख दिसते. हे बघा. सोमवार, दुपारी बारा वाजून बेचाळीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरच्याच संगणकावरून."

काका आकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला फोन काढला. त्यातल्या कॅलेंडरात त्यांची स्वतःचीही एक वेळ होती, दर सहा महिन्यांनी येणारी : डोळ्यांचे डॉक्टर. त्या सोमवारी, बारा वाजता. बारा बेचाळीसला ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाकावर डोळे मिटून बसले होते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत होते आणि स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसत नव्हत्या. बायको हाताला धरून बसली होती.

"मी नव्हतो!" काका जवळजवळ ओरडलेच. "बाई, मी नव्हतो! माझं डोकं ठिकाणावर आहे!"

त्यांचा जीव भांड्यात पडला, तो जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. दुसऱ्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले. पासवर्ड दोन माणसांना माहीत होता. त्यातला एक डोळ्यांत थेंब घालून बसला होता.

औषधांच्या खोलीत खोक्यांच्या रांगेआड सिस्टर यादी तपासत होती. काकांनी दार लोटून घेतलं.

"त्या आजी कोण आहेत?"

तिने यादी खाली ठेवली. "आई आहे माझी," ती म्हणाली. "भावाकडे होती. गेल्या महिन्यात तिच्या किडन्या गेल्या. भावाने हात वर केले, मग इकडे आणली."

काकांना दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला. "तुझ्या आईच्या किडन्या गेल्या, आणि महिनाभर माझ्यासमोर बसून डबा खाल्लास, आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"यादीत नाव घातलं असतं."

"कितव्या नंबरला?"

"चौदाव्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बहिणीच्या नवऱ्याला सोडलं नाहीस तू. माझ्या आईला सोडणार होतास? तिला दोन बस बदलून पाठवू? तिला बसची पायरी चढवत नाही, दादा. नाही म्हणून ऐकायला तुझ्याकडे कशाला येऊ?"

"मग नको येऊस. पण माझ्या नावाने केलंस. मास्तरांना मी शब्द दिला होता, हे तुला माहीत होतं. तुझ्यासमोरच दिला होता."

"चारची जागा रिकामी होती. ती आईला जमणारी नव्हती. मास्तर धडधाकट आहेत, त्यांना जमेल असं वाटलं. त्यांच्या बायकोचं इतकं होईल हे मला काय माहीत?"

"तेही एक वेळ असो," काका म्हणाले. त्यांचा स्वर आता अगदी खाली आला होता. "मी तुला विचारायला आलो होतो. मीच केलं का म्हणून. माझ्या वडिलांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. मी दोन आठवडे खिशात चिठ्ठ्या घेऊन फिरतोय. बायको माझ्यामागे गॅस तपासते. तू माझ्या दंडावर हात ठेवून म्हणालीस, होतं असं."

तिने तोंड फिरवलं आणि खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिली. काका म्हणाले, "डॉक्टरांना तू सांगतेस की मी सांगू?"

"सांग. पण पासवर्ड तू दिला होतास, तेही सांग."

"तेच आधी सांगणार आहे," काका म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर उभं करून ऐकून घेतलं. त्यांना बाहेर आवाज जायला नको होता. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. कॅलेंडर संगणक विभागाकडे गेलं, आणि काकांना तळमजल्यावर, जुन्या कागदपत्रांच्या खिडकीवर बसवण्यात आलं. सिस्टर होती तिथेच राहिली, कारण मशीन चालवणारं माणूस सहज मिळत नाही. काकांनी एकच गोष्ट मागितली : मास्तरांची सकाळ परत द्या. डॉक्टर म्हणाले, "देऊ. त्यांनाच बोलावून सांगा तुम्ही."

काका त्यांच्या घरी गेले. दार मास्तरांनीच उघडलं. आत चपला एकाच माणसाच्या होत्या. टेबलावर एकच कप उपडा घातलेला होता. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कुणाचीही बाजू न घेता, आणि शेवटी म्हणाले, "उद्यापासून सकाळी सात. चार नंबर. तुमची वेळ तुम्हाला परत."

मास्तरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "लेक घेऊन गेली तिला," ते म्हणाले. "हाड जुळेपर्यंत म्हणून. पण परत पाठवणार नाही, आणि बरोबर आहे तिचं." मग त्यांनी टेबलावरचा कप सरळ केला. "मला आता सकाळी सुटून करायचंय काय, काका? घरी येऊन कुणाला बघायचंय? त्या म्हाताऱ्या बाईंना राहू दे तिथे. त्यांना थोडंच माहीत होतं?"

"पण ती जागा तुमच्याकडून चोरलेली आहे, मास्तर!"

"असेल. मी आता देतोय."

परतताना काका बसमध्ये चढले नाहीत, चालत निघाले. मास्तरांच्या मोठेपणाने त्यांना भरून यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांचा संताप संताप होत होता. जे सिस्टरने लपूनछपून घेतलं होतं, ते आता तिला राजरोस मिळालं होतं. ना कॅलेंडरात काही बदलायचं होतं, ना कुणाला फोन करायचा होता. एकवीस वर्षं ज्या यादीपायी त्यांनी सख्ख्या बहिणीचं बोलणं गमावलं, ती यादी डावलून एक माणूस पुढे गेलं, यादीतल्यांना ते कळणारही नव्हतं, आणि ते मोडून काढायला हक्काने उभं राहील असं कोणीच उरलं नव्हतं. मास्तरांची क्षमा खरी होती, पण ती म्हातारीसाठी होती. काकांना निरोप देताना त्यांनी दार हळू लावलं होतं, पण 'या पुन्हा' म्हटलं नव्हतं.

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तुमचं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग जेवा."

जुन्या कागदांच्या खिडकीवर काम असं फारसं नसतं. क्रमांक सांगायचा, फाईल शोधायची, सही घ्यायची. महिनाभराने एक दिवस सिस्टर खिडकीशी आली. तिचा गणवेश नेहमीसारखा कडक इस्त्रीचा होता. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. मागे दोन माणसं रांगेत उभी होती.

"क्रमांक?" काकांनी विचारलं.

तिने सांगितला. काका आत गेले, फाईल घेऊन आले, वही पुढे सरकवली. तिने सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही.

"तुमच्या डोळ्यांची पुढची तपासणी कधी आहे?" तिने विचारलं.

सतरा वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांना 'तुम्ही' म्हणत होती. ते तिने मुद्दाम म्हटलं, की आपसूक तोंडात आलं, हे काकांना कळेना. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "रांग थांबली आहे."

ती बाजूला झाली. काकांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं.